मेलेलं ढोर आता प्रयोगशाळेतून येतं

गावात ढोर मेलं की सांगावा कुणाच्या दारात यायचा, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. पाटलाचा बैल जिवंत असेपर्यंत पाटलाचा. त्याची मेहनत पाटलाची, त्याचं शेण पाटलाचं, पोळ्याला त्याच्या शिंगांना चिकटवलेला बेगडसुद्धा पाटलाचा. बैलानं डोळे फिरवले की तो तत्काळ महाराचा व्हायचा. तो कशानं मेला, फऱ्यानं का काळपुळीनं, हे सांगायची पाटलाला गरज वाटायची नाही. ओढा म्हटलं की ओढायचं. त्याच्या अंगातला रोग आपल्या अंगात आला तर ते आपलं नशीब.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं आणि गावोगावच्या आपल्या माणसांनी मेलेली ढोरं ओढायची सोडली. त्यापायी मार खाल्ला, बहिष्कार सोसला, विहिरी बंद झाल्या, दाणापाणी तुटलं. पण दोर टाकला तो टाकलाच.

आपल्याला वाटलं, संपलं ते काम. संपलं नाही दोस्तहो. ढोर बदललंय. मी ज्या ढोराबद्दल लिहितोय त्याला शिंगं नाहीत, वास नाही, त्याच्यावर गिधाडं उतरत नाहीत. ते विद्यापीठाच्या आवारात मरतं आणि लिलावात विकलं जातं. आणि ते ओढायला आजही तोच लागतो, ज्याला ते कशानं मेलं हे कुणी सांगितलेलं नसतं.

दिल्लीची गोष्ट आहे. २०१० सालची. ती घडली तेव्हा मी शाळेत होतो, मला तिचा पत्ताही नव्हता. गोदीत कामाला लागल्यावर ती मी वाचली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. का, ते पुढं सांगतो.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागानं १९६८ साली कॅनडाहून एक यंत्र आणलं. नाव गॅमासेल २२०. शिशाचं जाड कवच आणि त्याच्या पोटात कोबाल्ट-६० च्या कांड्या. कोबाल्ट-६० मधून गॅमा किरण निघतात. ते दिसत नाहीत, त्यांना वास नाही, लागले तरी त्या घडीला चटका बसत नाही. प्रयोगाचा पदार्थ आत ठेवायचा, किरण द्यायचे, काय होतं ते बघायचं, प्रबंध लिहायचा. शिशाचं कवच शाबूत आहे तोवर बाहेर उभ्या असलेल्या पंडिताला धक्का नाही.

१९८५ नंतर ते यंत्र कुणी वापरलं नाही. पंचवीस वर्षं ते पडून राहिलं. मग २०१० च्या फेब्रुवारीत विद्यापीठानं ते भंगार म्हणून लिलावात काढलं. नीट वाचा. हे इतिहासाच्या विभागानं केलं नाही. संस्कृतच्या विभागातलंही यंत्र नव्हतं ते. ज्यांना कोबाल्ट म्हणजे काय हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं, त्या रसायनशास्त्राच्या विभागातलं यंत्र होतं. अशा यंत्राची विल्हेवाट लावायची तर अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवावं लागतं. मंडळाला कुणी कळवलं नाही.

यंत्र गेलं पश्चिम दिल्लीतल्या मायापुरीत. मायापुरी म्हणजे भंगाराची पंढरी. गाड्या, मोटारी, यंत्रं, जे काही शहराला नको झालं ते तिथं येऊन फुटतं. आपल्याकडं दारूखान्याला जाऊन बघा, म्हणजे अंदाज येईल. तिथल्या कामगारांनी यंत्र फोडलं. शिशाला भाव असतो, म्हणून शिसं सोललं. आतल्या कांड्या बाहेर आल्या. चमकदार धातू, काहीतरी भारी असणार असंच कुणालाही वाटेल. एक तुकडा एका दुकानदाराच्या हातात गेला. त्यानं तो पाकिटात घातला, पाकीट खिशात घातलं. त्या जागची कातडी जळली. दुसऱ्या एका दुकानदाराचे केस गळले, अंग काळं पडलं. हगवण, उलट्या. दवाखाने फिरून झाले. शेवटी ७ एप्रिलला एका इस्पितळानं मंडळाला कळवलं, की या माणसाला किरणांची बाधा दिसते. मग गाड्या आल्या, मोजायची यंत्रं आली, अंगभर पोशाख घातलेले तज्ज्ञ आले. तुकडे गोळा झाले, शिशाच्या डब्यात भरले आणि उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याच्या अणुवीज केंद्रात नेऊन ठेवले.

२६ एप्रिलला त्या दुकानातला एक कामगार मेला. वय पस्तीस. शरीरातला एकेक अवयव बंद पडत गेला.

सुरुवातीला बोलबाला काय होता? हा माल परदेशातून भंगारात आला असणार. म्हणजे आपले पंडित सोवळेच! मग शोध लागला आणि माग निघाला तो थेट विद्यापीठाच्या दारात. महिना संपता संपता कुलगुरूंनी नैतिक जबाबदारी मान्य केली. नैतिक! नैतिक जबाबदारीचं एक बरं असतं, ती कुठल्याही वजनकाट्यावर चढत नाही.

त्या कामगाराची जात कुठली, याची चौकशी मी करत नाही. मला माणसाची जात बघायची नाही. मला कामाची जात दिसते. वरच्यानं वापरायचं आणि खालच्यानं निस्तरायचं, ही त्या कामाची जात. जो यंत्र वापरतो त्याला ज्ञान मिळतं, पदवी मिळते, परदेशातल्या परिषदेचं बोलावणं येतं. जो यंत्र फोडतो त्याला किलोमागं काही रुपये मिळतात आणि त्या रुपयांबरोबर न सांगता जे काही येतं ते येतं. वस्तू एकेक पायरी खाली उतरते. तिच्याबद्दलची माहिती मात्र पहिल्याच पायरीवर बसून राहते. माझं म्हणणं एवढंच आहे. बाकी सगळं त्याचा पुरावा.

आता थोडं शास्त्र. मॅट्रिकला जेवढं शिकलो आणि पुढं वाचनालयात बसून, दोस्तांना विचारून जेवढं कळलं, तेवढं सांगतो. शास्त्र ही कुणाच्या बापाची मिरासदारी नाही.

किरणोत्सारी पदार्थ मरत जातो. त्याला मरायला किती वेळ लागतो याचा हिशोब असतो. कोबाल्ट-६० ची ताकद ५.२७ वर्षांत निम्मी होते. आणखी ५.२७ वर्षांत निम्म्याची निम्मी. १९६८ ते २०१० ही झाली ४२ वर्षं. म्हणजे जवळजवळ आठ वेळा निम्मी. करा गणित. मूळ ताकदीचा सुमारे अडीचशेवा हिस्सा उरलेला होता. आणि तो अडीचशेवा हिस्सा एक माणूस मारायला आणि कितीतरी माणसं जाळायला पुरला. म्हातारं झालं म्हणून ढोर निर्धोक होत नाही.

या किरणांपासून वाचायचे तीनच नियम आहेत. वेळ, अंतर आणि आडोसा. जवळ कमीत कमी वेळ थांबा. लांब राहा, कारण अंतर दुप्पट केलं की मारा चौथाईवर येतो. मध्ये शिशासारखा जड आडोसा ठेवा. बस. हे तीन नियम तिसरीतल्या पोराला कळतील. आता खिशातल्या पाकिटाचा विचार करा. अंतर शून्य. आडोसा म्हणजे चामड्याचा नि कापडाचा. वेळ, पाकीट खिशात असेल तेवढा. तीनही नियम मोडले गेले, कारण ते नियम आहेत हेच त्या माणसाला ठाऊक नव्हतं. आणि हे नियम ज्यांना पाठ होते, त्यांनी माल विकताना तोंड उघडलं नाही.

करायचं काय होतं? फार अवघड नव्हतं. यंत्र कवचासकट जसंच्या तसं ठेवायचं. मंडळाला पत्र लिहायचं. माणूस येऊन मोजणार, मग ते यंत्र बनवणाऱ्याकडं परत जाणार किंवा सरकारी साठवणीच्या जागी. आपल्याच मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात असले निकामी स्रोत घेऊन ठेवायची सोय आहे. किरणोत्सारी कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीचे नियम देशात १९८७ साली झाले. यंत्र बंद पडून तेव्हा उणीपुरी दोन वर्षं झाली होती. म्हणजे कायदा होता, जागा होती, तज्ज्ञ होते. नव्हती ती फक्त गरज. कारण न पाळल्याचा चटका त्यांना बसणार नव्हता.

आणि हे फक्त मोठ्या यंत्रापुरतं नाही. जीवशास्त्राच्या, औषधांच्या प्रयोगशाळांत रोज बारीकसारीक किरणोत्सारी कचरा निघतो. हातमोजे, टिपकागद, सुया, काचेच्या बाटल्या, वापरलेलं द्रावण. तिथं फॉस्फरस-३२ वापरतात, तो १४.३ दिवसांत निम्मा होतो. आयोडिन-१२५ ला ६० दिवस लागतात. कार्बन-१४ ला लागतात ५,७३० वर्षं. म्हणून नियम असा, की ज्या टेबलावर कचरा झाला त्याच टेबलावर तो वेगळा करायचा. लवकर मरणारा एकीकडं, चिवट एकीकडं. ओला वेगळा, सुका वेगळा, टोचणारा जाड डब्यात. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: काय आहे, किती आहे, कुठल्या तारखेचं आहे, कुणी टाकलं. लवकर मरणारा कचरा बंद खोलीत दहा वेळा निम्मा होईतो ठेवायचा. फॉस्फरस-३२ असेल तर १४३ दिवस, म्हणजे पाच महिने. मग तो हजाराव्या हिश्शाच्याही खाली येतो. मग मोजायचं. मापकाचा काटा नेहमीच्या जागी आला तरच, वरच्या धोक्याच्या खुणा फाडून, तो साध्या कचऱ्यात सोडायचा. चिवट कचरा मात्र सोडायचाच नाही, तो साठवणीच्या जागी पाठवायचा.

यात आडोशाचीसुद्धा अक्कल लागते. फॉस्फरस-३२ च्या कणांना सेंटिमीटरभर जाडीचं प्लॅस्टिक अडवतं. त्यांच्यासमोर थेट शिसं ठेवलं तर उलट क्ष-किरण तयार होतात. म्हणजे शिसं दिसलं की सुरक्षित, असंही नाही. कशाला काय लागतं हे माहीत असावं लागतं. आणि माहीत असणं, दोस्तहो, हाच इथं खरा आडोसा आहे. तो कुणाला द्यायचा नि कुणाला नाही, हे ठरवणारे अजून तेच आहेत.

वेद कानावर पडला तर कानात उकळतं शिसं ओता, असं आपल्या बापजाद्यांना ऐकवलं गेलं. ते शिसं आता कानात ओतत नाहीत. आता ते यंत्राभोवती ओततात, स्वतःच्या रक्षणासाठी. आणि यंत्र मेल्यावर तेच शिसं भंगाराच्या भावानं आपल्यापुढं टाकतात, सोला म्हणून. ज्ञान तेव्हाही आपल्यापासून लांब होतं, आताही आहे.

आता माझी झोप का उडाली ते सांगतो.

गोदीत कामाला लागून मला वर्ष झालं नव्हतं. एका दुपारी शेडमध्ये बाकीच्या मालाबरोबर एक पेटी पडलेली होती. पेटीवर पिवळी पट्टी, पट्टीवर तीन पात्यांची काळी खूण. मी मुकादमाला विचारलं, हे काय हाय? तो म्हणाला, "पंखा हाय रे. पंख्याचे पार्ट असतील." टोळीतला दुसरा म्हणाला, पंखा नाय, जहाजाचा पंखा. सगळे हसले. मी त्या पेटीवर बसून डबा खाल्ला. भाकरी आणि सुकट. सावली होती तिथं.

ती पेटी नीट बंदिस्त असेल. मला काही झालं नाही. उगाच रडगाणं गात नाही मी. पण मायापुरीचं वाचलं आणि ती तीन पाती डोळ्यांपुढं आली. मी दहावी पास आहे. कविता लिहितो. इंग्रजी अक्षरं लावून वाचतो. मला जर पंखा वाटला, तर ज्याच्या हाती कधी पाटीच आली नाही त्यानं काय वाचावं?

ती तीन पात्यांची खूण १९४६ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठातल्या किरण-प्रयोगशाळेत काढली गेली. पंडितांनी पंडितांसाठी काढली. त्यांच्यात ती सगळ्यांना कळते. ती आपल्याला कळत नाही, हे जगाच्या कारभाऱ्यांच्या ध्यानात यायला साठ वर्षं जावी लागली. २००७ साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं नवी खूण जाहीर केली. लाल त्रिकोण. वर तीन पाती आणि त्यातून खाली येणारे किरण, बाजूला कवटी नि हाडं, आणि पळत सुटलेला माणूस. अकरा देशांतल्या १,६५० लोकांना दाखवून, काय वाटतं विचारून ती ठरवली. यंत्राच्या आत, फोडणाऱ्याला दिसेल अशा जागी ती लावायची. म्हणजे जो हातोडा घेऊन बसलाय त्याच्यासाठी पहिल्यांदा कुणीतरी एक चित्र काढलं. कवटी आणि पळणारा माणूस कुणालाही वाचता येतो. पण जी यंत्रं आधीपासून खोल्याखोल्यांतून मरून पडली होती, त्यांच्या पोटात हे चित्र कुठून असणार?

कुणी म्हणेल, हे आपल्याच देशातलं दारिद्र्य. नाही. ब्राझीलमध्ये गोयानिया नावाचं शहर आहे. १९८७ सालच्या सप्टेंबरात तिथल्या एका सोडून दिलेल्या दवाखान्यातून भंगार वेचणाऱ्या दोघांनी किरणोपचाराच्या यंत्राचा भाग काढून नेला. आत सिझियम-१३७ ची भुकटी. अंधारात ती निळी चमकायची. लोकांना वाटलं काहीतरी अद्भुत आहे. पाहुण्यारावळ्यांना वाटली, अंगाला लावली. चार जण मेले, त्यात सहा वर्षांची एक पोर. २४९ माणसांच्या अंगावर नाहीतर पोटात ती भुकटी सापडली. लाखाच्या वर लोकांना रांगेत उभं करून तपासलं. यंत्र प्रयोगशाळेचं असो नाहीतर दवाखान्याचं, वाट तीच. मालक सोडून जातो आणि भंगारवाला मरतो.

आणि त्या पोरीला शिशाच्या पेटीत घालून स्मशानात नेली, तेव्हा लोकांनी दगड मारले. इथं पुरू नका, आमची जमीन बाटेल. ही भाषा ओळखीची वाटते ना? दगड दवाखान्याच्या मालकावर नाही पडले. पोरीच्या पेटीवर पडले. भीतीला जेव्हा ज्ञानाची साथ नसते, तेव्हा ती नेहमी खाली बघून दगड मारते. जो भाजला त्यालाच अस्पृश्य करते. म्हणून हेही शिकून ठेवा: कोबाल्टच्या गॅमा किरणांनी भाजलेला माणूस दुसऱ्याला बाधत नाही. त्याच्या अंगावर कपड्यांवर भुकटी नसेल तर त्याला हात लावा, पाणी पाजा, दवाखान्यात न्या. किरण त्याच्या अंगातून निघून गेलेले असतात.

आता प्रस्थापितांची उत्तरं ऐकून ठेवा, कारण ती आपल्या तोंडावर फेकली जातील.

पहिलं उत्तर: ही एक चूक होती. एक? २००८ साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडला. ती बटणं हिंदुस्थानातून गेलेली आणि त्यांचं पोलाद आपल्या खोपोलीच्या एका ओतशाळेतलं. कुठलातरी कोबाल्ट भंगारात मिसळून भट्टीत वितळला होता. बटणं जोडणाऱ्या तिथल्या सुमारे वीस कामगारांना किरण लागले. म्हणजे मायापुरीच्या दीड वर्ष आधीच घंटा वाजली होती. आणि मायापुरीनंतर २०१२ साली कॅगनं नियामक मंडळावर अहवाल दिला. वापरून झालेले स्रोत खरोखर सुरक्षित जागी गेले की नाही, हे पडताळायची नीट व्यवस्था मंडळाकडं नाही, असं त्यात नोंदवलं. हे विद्रोही पोरांनी नाही लिहिलं, सरकारच्याच हिशोबनिसानं लिहिलं.

दुसरं उत्तर: भंगारवाले अडाणी, हावरे, दिसेल ते फोडतात. अरे, फोडणं हाच त्यांचा धंदा आहे! शहाण्यानं विकलं आणि अडाण्यानं फोडलं, यात गुन्हेगार अडाणी कसा? तांब्याची तार नि पितळेची तार डोळे मिटून ओळखणारी माणसं आहेत ती. त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी हात लावला नसता. पोटासाठी काम करतो माणूस, मरणासाठी नाही.

तिसरं उत्तर: बंदरांवर किरण मोजणाऱ्या कमानी बसवायचं काम हाती घेतलं गेलं. चांगलं केलं. मी गोदीतला माणूस, मला त्याचं मोल कळतं. पण कमानीचं तोंड समुद्राकडं आहे. जणू विष नेहमी बाहेरून येतं. मायापुरीतलं विष विद्यापीठातून आलं. विद्यापीठाच्या फाटकावर कमान कुठाय?

इथवर परक्यांना शिव्या घालून झाल्या. आता घरचं बोलतो.

माझा एक दोस्त एम.एस्सी. करतो. आपलाच. वस्तीतला पहिला पोरगा, जो अंगात पांढरा कोट घालून प्रयोगशाळेत उभा राहिला. त्याचा मला अभिमान आहे. वर लिहिलेलं बरंचसं त्यानंच मला शिकवलं. एकदा मी विचारलं, हे पाच महिने ठेवायचे डबे तुमच्यात खरंच ठेवतात का? तो गप्प झाला. मग म्हणाला, जागा नसते. तपासणी असली की खोली रिकामी करायला सांगतात. तारीख भरायच्या आत पिशव्या जातात. मी म्हटलं, नेतं कोण? म्हणाला, झाडायला येतात त्या मावशी. म्हटलं, तू मावशींना सांगितलंस? म्हणाला, सांगितलं तर सर म्हणतील उगाच घाबरवतोस. माझा प्रबंध त्यांच्या हातात आहे.

आम्ही भांडलो. रात्रभर भांडलो. त्याचं म्हणणं, त्या पिशवीत जे असतं ते फार थोडं असतं, त्यानं मावशी मरणार नाहीत. हे खरं आहे. हातमोज्यातला फॉस्फरस म्हणजे मायापुरीचा कोबाल्ट नव्हे, आणि दोन्ही एक आहेत असं सांगणारा खोटं बोलतो. पण मी त्याला म्हटलं, थोडं आहे का जास्त, हे ठरवायचा हक्क तुला कसा मिळाला? कोट घातलास म्हणून? तुझ्या छातीवर किरण मोजायचा बिल्ला आहे, दर तिमाहीला तो तपासायला जातो. मावशींच्या छातीवर काय आहे? पाटील पण हेच म्हणायचा, ओढ की, काय होतंय.

तो रडला. मी पण फार शहाणा नाही. पेटीवर बसून भाकरी खाताना मीही टोळीत पुन्हा विचारलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात त्यानं डब्यांवर मराठीत चिठ्ठ्या लावल्या: 'या तारखेपर्यंत हात लावू नये.' आणि मावशींना मापक दाखवला, कसा टिकटिकतो ते ऐकवलं. त्या म्हणाल्या, "बाबा, एवढी वर्षं हे कुणी बोललंच नाही." सर चिडले. चिठ्ठ्या अजून आहेत.

एवढ्यानं क्रांती होत नाही, ठाऊक आहे. पण चळवळीतल्या ज्या पोरापोरींनी आज कोट घातलेत त्यांना मी विचारतो: तुम्ही वर गेलात ते दोर कापायला, का दोराचं दुसरं टोक धरायला?

आपल्या मागण्या अशा पाहिजेत:

१. किरणोत्सारी वस्तू विकत घेताना ती कुठं मरणार, कोण नेणार आणि त्याचा खर्च कोण देणार, हे त्याच कागदावर लिहून घ्यावं. पैसे तेव्हाच बाजूला काढावेत.

२. कुठल्याही विद्यापीठाचं, दवाखान्याचं यंत्र लिलावात जायच्या आधी किरण मोजल्याचा दाखला जोडावा. दाखल्यावर विभागप्रमुखाची सही. शिपायाची नाही.

३. डब्यावर, खोलीवर, यंत्रावर धोक्याची सूचना तिथल्या कामगाराच्या भाषेत लिहावी. ज्याला वाचता येत नाही त्याला तोंडी सांगावी आणि सांगितल्याची नोंद ठेवावी.

४. प्रयोगशाळेत झाडणाऱ्या, उचलणाऱ्या, वाहणाऱ्या माणसाला शिक्षकाइतकंच संरक्षण द्यावं. मोजमाप त्याचंही व्हावं. कंत्राटी आहे म्हणून सोडू नये.

५. प्रत्येक मोठ्या भंगारबाजारात किरणमापक आणि तो वापरता येणारा माणूस असावा. सापडलेली वस्तू कळवणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागू नये, उलट वस्तूचा मोबदला मिळावा. नाहीतर भीतीनं तो ती नाल्यात टाकील.

६. अपघात झाला तर विकणाऱ्यावर खटला. नैतिक जबाबदारी नको, कायद्याची पाहिजे.

यातलं एकही मागणं चंद्र तोडून आणण्याचं नाही. सगळ्यात महाग गोष्ट मापक आहे, आणि तो एका माणसापेक्षा स्वस्त आहे.

आपल्याला विज्ञान नको असं कुणी म्हणू नये. कॅन्सरवर किरण लागतात, औषधं शोधायला लागतात. विज्ञान पाहिजे, आणखी पाहिजे, आपल्या वस्तीत पाहिजे. पण ज्याला यंत्राचं दूध पाहिजे त्यानं यंत्राचं मढंही स्वतः उचलावं. आपल्या आज्यापणज्यांनी महाडनंतर दोर टाकला तेव्हा गावाला पहिल्यांदा कळलं, की मेलेलं ढोर जड असतं.

दारूखान्यात, कुर्ल्याच्या भंगारगल्लीत, गोदीच्या शेडमध्ये तो लाल त्रिकोण कागदावर काढून चिकटवा. कवटी आणि पळणारा माणूस. आमच्या टोळीत मी तो चिकटवलाय. मुकादम विचारतो, हे काय हाय?

मी सांगतो, हा पंखा नाय.

जय भीम.